तुरुंगानंतरचा दुसरा खटला : डॉक्टर, गुन्हा आणि परवाना

१/
न्यूयॉर्कमधील एक शल्यविशारद. वैद्यकीचा परवाना १९१९ सालचा. स्पेनच्या युद्धभूमीवर जखमींची सेवा केलेला माणूस. १९५० साली तो पाच महिने तुरुंगात राहून बाहेर आला. शिक्षा संपली, असे त्याला वाटले असेल. पण त्यानंतर त्याच्यावर दुसरा खटला उभा राहिला. या वेळी प्रश्न असा होता, की या माणसाच्या हाती पुन्हा शस्त्रक्रियेची सुरी द्यायची की नाही? ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की या साऱ्या प्रकरणात एकाही रुग्णाची तक्रार नव्हती.

२/
मित्रहो, आजचा धागा लांब आहे आणि विषय जरा आडवाटेचा आहे. डॉक्टर वा परिचारिका फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली, तर तिच्या व्यवसायाचे काय करायचे? न्यायालय गुन्ह्याची शिक्षा देते. नोंदवही मात्र वैद्यकीय परिषदेच्या ताब्यात असते, आणि त्या नोंदवहीत नाव राहिले तरच हाताला काम राहते. म्हणजे एकाच कृत्याबद्दल माणूस दोन दारांसमोर उभा राहतो. पहिल्या दाराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपण दुसऱ्या दाराचा पाहू. त्यासाठी आधी इंग्लंड, मग न्यूयॉर्क, पुन्हा इंग्लंड आणि वाटेत आपली मुंबई, असा प्रवास करावा लागेल.

३/
आरंभ १८५८ चा. आपल्याकडे उठावाची धग अजून विझलेली नव्हती, त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने वैद्यकीय कायदा संमत केला. त्याआधी तिथे वैद्यकीचे परवाने देणाऱ्या संस्था अनेक होत्या आणि खरा वैद्य कोण, भोंदू कोण, हे सामान्य रुग्णाला कळण्याची सोय नव्हती. कायद्याने एक परिषद नेमली आणि तिला एक नोंदवही दिली. हीच पुढे जनरल मेडिकल कौन्सिल म्हणून ओळखली गेली.

नोंदवही आली की नाव खोडण्याचा प्रश्नही येतोच. कायद्याच्या २९व्या कलमाने त्यासाठी दोन वाटा ठेवल्या. एक, फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवणे. दुसरी, परिषदेने स्वतः चौकशी करून व्यवसायाला काळिमा फासणारे वर्तन सिद्ध करणे.

४/
पहिल्या वाटेत एक गोम आहे. न्यायालयाने दोषी ठरवले असेल, तर परिषद तो खटला पुन्हा चालवत नाही. निकालाची प्रमाणित प्रत समोर आली की गुन्हा घडला हे धरूनच चालायचे. हे योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक दोषी डॉक्टर परिषदेसमोर नव्याने साक्षीदार उभे करील.

पण कलमाच्या शब्दांत एक मोकळी जागा सोडलेली होती. नाव खोडलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. परिषदेला योग्य वाटल्यास खोडता येईल, असे म्हणत होता. गुन्हा झाला हे ठरलेले, त्या गुन्ह्याचा वैद्यकीशी संबंध काय हे न ठरलेले. या धाग्यातली सगळी माणसे त्या मोकळ्या जागेतच अडकलेली दिसतील.

५/
अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्याने ही मोकळी जागा एकदा बुजवून पाहिली. १८९३ च्या तिथल्या कायद्याने ठरवले, की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने वैद्यकी केली तर तो नवा गुन्हा. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, माणूस सुधारला की नाही, काही विचारायचे नाही.

या जाळ्यात सापडला डॉक्टर बेंजामिन हॉकर. १८७८ साली गर्भपात केल्याबद्दल तो दोषी ठरला होता आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ती झाल्यानंतर त्याने पुन्हा रुग्ण तपासायला सुरुवात केली. १८९६ च्या फेब्रुवारीत त्याने वैद्यकी केली म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला आणि २५० डॉलर दंड झाला. त्याचे म्हणणे सरळ होते : माझा गुन्हा १८७८ चा, तुमचा कायदा १८९३ चा. गुन्हा घडून गेल्यावर शिक्षा वाढवता येत नाही, हे तुमच्या राज्यघटनेतच लिहिले आहे.

६/
एप्रिल १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्रुअर यांचे. त्यांचा युक्तिवाद असा, की ही शिक्षा नव्हेच, ही पात्रतेची अट आहे. डॉक्टरला ज्ञान हवे तसे सच्चारित्र्यही हवे, आणि गंभीर गुन्ह्याची दोषसिद्धी हा चारित्र्यहीनतेचा पुरेसा पुरावा आहे असे राज्य ठरवू शकते. एखादा गुन्हेगार खरोखर सुधारलेला असू शकेल, हेही त्यांनी मान्य केले. पण म्हणून प्रत्येकाची वेगळी चौकशी करायला राज्य बांधील नाही.

न्यायमूर्ती हार्लन यांनी असहमती नोंदवली, आणखी दोघे त्यांच्यासोबत होते. वंशभेदाला मान्यता देणाऱ्या १८९६ च्या ‘प्लेसी’ खटल्यात एकट्याने विरोध करणारे हार्लन ते हेच. त्यांच्या मते हॉकरच्या जुन्या गुन्ह्याला नव्या कायद्याने नवी शिक्षा जोडली होती. तिला अट म्हटल्याने ती शिक्षा व्हायची थांबत नाही.

७/
गर्भपात तेव्हा गुन्हा होता, आज जगात पुष्कळ ठिकाणी तो नाही. त्या चर्चेत इथे शिरत नाही. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की हॉकरचा गुन्हा त्याने डॉक्टर म्हणूनच केलेला होता. न्यायालयाच्या दृष्टीने गुन्हा आणि व्यवसाय यांच्यात दोरा होता, जाड म्हणा की बारीक.

आता अशा माणसाकडे वळू, ज्याच्या बाबतीत दोराच नव्हता.

८/
डॉक्टर एडवर्ड बार्स्की. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातला शल्यविशारद. १९३६ मध्ये स्पेनमध्ये जनरल फ्रँकोने लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले. जर्मनी आणि इटली फ्रँकोच्या बाजूने उतरले. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका हात बांधून बसले. सरकारे बसली, तेव्हा माणसे निघाली. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकन डॉक्टर आणि परिचारिकांची पहिली तुकडी जहाजाने स्पेनला रवाना झाली. तिचा प्रमुख बार्स्की होता. साएलिसेस गावाजवळ राजघराण्याच्या जुन्या वास्तूत, ‘व्हिला पाझ’मध्ये, अमेरिकनांनी रुग्णालय थाटले. पुढे आघाडी सरकेल तसे रुग्णालयही हलवावे लागे.

९/
हे नाव आपल्याला अगदीच परके वाटू नये. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यात होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल चीनला जाण्याआधी स्पेनच्या युद्धात काम करून आले होते. आणि चीनमध्ये कोटणीसांनी ज्या रुग्णालयाची धुरा वाहिली, त्याला ज्यांचे नाव दिलेले होते ते कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून; माद्रिदच्या आघाडीवर फिरती रक्तपेढी चालवणारे तेच. बार्स्की याच पिढीचा, याच पंथाचा वारकरी.

१०/
१९३९ च्या आरंभी प्रजासत्ताक कोसळले. सुमारे ५ लाख माणसे पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये गेली. यांतल्या अनेकांना परतीचा रस्ता उरला नाही. फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यांची वाट तुरुंग पाहत होता. त्यांना औषधे, कपडे, पैसा पुरवण्यासाठी १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘जॉइंट अँटी-फॅसिस्ट रेफ्युजी कमिटी’ स्थापन झाली. बार्स्की तिचा अध्यक्ष.

११/
महायुद्ध संपले आणि अमेरिकेचा वारा फिरला. कालपर्यंत फॅसिझमविरुद्ध लढणे ही देशभक्ती होती. आता ‘तुम्ही फार लवकर का लढायला गेलात?’ असे विचारले जाऊ लागले. प्रतिनिधीगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीने १९४६ मध्ये बार्स्कीच्या संस्थेला हुकूम पाठवला : हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, देणगीदारांची आणि मदत घेणाऱ्यांची नावे हजर करा.

संस्थेच्या संचालकांनी नकार दिला. मदत घेणाऱ्यांची नावे फुटली तर त्यांच्या स्पेनमधल्या आप्तांच्या जिवावर बेतेल, हे एक कारण. समितीला अशी मागणी करण्याचा अधिकारच नाही, हा वकिलांचा सल्ला, हे दुसरे. तो सल्ला न्यायालयात टिकला नाही.

१२/
१९४७ मध्ये बार्स्की आणि त्याचे सहकारी काँग्रेसच्या अवमानाबद्दल दोषी ठरले. (इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद.) बार्स्कीला सहा महिने कैद आणि ५०० डॉलर दंड. सहकाऱ्यांत कादंबरीकार हॉवर्ड फास्टही होता. त्याने आपल्या तीन महिन्यांच्या कैदेत गुलामांच्या बंडावर विचार सुरू केला आणि पुढे ‘स्पार्टाकस’ लिहिली. कादंबरीकाराला तुरुंगातून बाहेर आल्यावर लेखणीसाठी परवाना लागत नव्हता. प्रकाशक मिळणे अवघड झाले हे खरे. त्याने ती कादंबरी स्वतःच छापली.

डॉक्टरची गोष्ट वेगळी होती.

१३/
न्यूयॉर्कचा कायदा एव्हाना बदलला होता. आता दोषसिद्धीनंतर परवाना आपोआप जात नव्हता. पण कोणत्याही गुन्ह्यात, राज्यात वा राज्याबाहेर, दोषी ठरलेल्या डॉक्टरला ताकीद देता येई, त्याचा परवाना काही काळ थांबवता येई किंवा कायमचा काढून घेता येई. कलमात ‘गुन्हा’ एवढाच शब्द होता. कोणता गुन्हा, याला काही विशेषण नव्हते. आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी त्याचा अर्थ तितकाच मोकळा लावला : दुसऱ्या ठिकाणच्या कायद्यान्वये झालेला, रुग्णाशी काडीचा संबंध नसलेला गुन्हाही पुरेसा.

१४/
पुढचा प्रवास बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण एकाच माणसाला एकाच गुन्ह्यासाठी चार पायऱ्यांवर चार मोजमापे लागली.

वैद्यकीय तक्रार समितीच्या उपसमितीने म्हटले : तीन महिने परवाना थांबवा.
पूर्ण समितीने म्हटले : सहा महिने.
मग प्रकरण शिक्षणखात्याच्या सर्वोच्च मंडळाकडे, बोर्ड ऑफ रीजंट्सकडे गेले. तिथे त्यांच्याच शिस्तविषयक समितीने पुन्हा सुनावणी घेतली आणि सांगितले, की परवाना थांबवायची गरज नाही, फक्त ताकीद द्या.
शेवटी खुद्द मंडळाने आपल्याच समितीचे म्हणणे बाजूला ठेवून सहा महिन्यांवर शिक्कामोर्तब केले. कारणे तपशीलवार नोंदवली नाहीत.

मला या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. गुन्ह्याचा आणि वैद्यकीचा संबंध जोडणारी कसोटीच कायद्यात नसली, की मोजपट्टी हातात धरणाऱ्याच्या मनाप्रमाणे लांब-आखूड होते.

१५/
आणखी एक गोष्ट कागदपत्रांत होती. सुनावणीत असा पुरावा आणला गेला, की बार्स्कीची संस्था महान्यायवादींच्या ‘विध्वंसक’ संघटनांच्या यादीत आहे. ही यादी संघटनेचे म्हणणे न ऐकताच तयार केलेली होती, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच संस्थेच्या फिर्यादीवर त्या पद्धतीला आक्षेप घेतला होता. म्हणजे जी यादी बेकायदा रीतीने बनली, तिची सावली एका शल्यविशारदाच्या परवान्यावर पडली होती.

१६/
२६ एप्रिल १९५४. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सहा महिन्यांची स्थगिती कायम ठेवली. न्यायमूर्ती बर्टन यांनी लिहिले, की वैद्यकी करणे ही राज्याने दिलेली सवलत आहे, तिच्या अटी ठरवण्याचा राज्याचा अधिकार फार व्यापक आहे, आणि शिक्षेचे माप बरोबर की चूक हे पाहणे आपले काम नाही. हॉकरच्या निकालाची सावली इथे स्पष्ट दिसते.

असहमतांपैकी प्रत्येकाने वेगळे लिहिले. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी त्या यादीवर बोट ठेवले आणि म्हटले, की डॉक्टरचा व्यवसाय करण्याचा हक्क कोणत्याही मालमत्तेपेक्षा मोलाचा असू शकतो. फ्रँकफर्टर हे राज्यांच्या अधिकारात सहसा हात न घालणारे न्यायाधीश. त्यांनाही वाटले, की व्यवसायाच्या पात्रतेशी, बौद्धिक वा नैतिक, कसलाही संबंध नसलेल्या कारणावरून कुणाचे व्यावसायिक जीवन मोडता येत नाही. डग्लस यांचा सूर सर्वांत चढा होता. माणसाच्या राजकीय मतांमुळे त्याला मोडलेले हाड बसवता येत नाही किंवा अपेंडिक्स काढता येत नाही असे थोडेच आहे, असा त्यांचा सवाल होता.

१७/
याच न्यायालयाने बरोबर तीन आठवड्यांनी, १७ मे १९५४ रोजी, शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन’ निकाल दिला, तोही एकमताने. तो निकाल शाळेच्या पुस्तकांत आहे. बार्स्कीचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता उरला. एकाच उन्हाळ्यातली ही दोन निकालपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. त्या काळाची भीती कुठे ओसरली होती आणि कुठे नव्हती, हे त्यांतून चांगले कळते.

१८/
इथपर्यंत वाचून वाटेल, की उदार परिषद चांगली आणि कठोर परिषद वाईट. इतिहास इतका सोपा निघाला असता तर धागा इथेच संपवला असता. पण आता पुन्हा इंग्लंडला जावे लागेल. तिथे २९व्या कलमातली ती मोकळी जागा शाबूत होती, आणि तिचा उपयोग १९७६ मध्ये एका डॉक्टरवर दया दाखवण्यासाठी झाला.

१९/
यॉर्कशायरमधील टॉडमॉर्डन हे छोटे गाव. १९७४ मध्ये तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर रुजू झाला, कामसू, हुशार. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की पेथिडीन हे वेदनाशामक तो भलत्याच प्रमाणात मागवतो. बनावट चिठ्ठ्या लिहून ते तो स्वतःला टोचून घेत होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये हॅलिफॅक्सच्या न्यायालयात त्याने आठ आरोप कबूल केले आणि आणखी ७४ गुन्हे विचारात घ्यावेत असे स्वतःच सांगितले. दंड झाला ६०० पौंड.

दोषसिद्धीची प्रत जनरल मेडिकल कौन्सिलकडे गेली. मानसोपचारतज्ज्ञांचे अहवाल त्याच्या बाजूचे होते : उपचार घेतले आहेत, सुधारणा आहे. परिषदेच्या छाननी समितीने प्रकरण शिस्तभंगाच्या सुनावणीला पाठवलेच नाही. एक इशारावजा पत्र धाडले आणि फाइल बंद केली.

२०/
त्या डॉक्टरचे नाव हॅरॉल्ड शिपमन.

१९७७ मध्ये त्याने मँचेस्टरजवळच्या हाइड गावात नव्याने काम सुरू केले. नव्या भागीदारांपासून त्याने जुनी शिक्षा लपवली नाही, आणि त्यांनी मोठ्या मनाने त्याला संधी दिली. पुढची दोन दशके तो गावाचा लाडका डॉक्टर होता. ३१ जानेवारी २००० रोजी १५ रुग्णांच्या खुनांबद्दल तो दोषी ठरला. शस्त्र एकच, डायमॉर्फिनची सुई. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ सांगितली. त्याचे नाव नोंदवहीतून खोडले गेले ते फेब्रुवारी २००० मध्ये, खुनांचा निकाल लागल्यानंतर.

२१/
आयोगाच्या अहवालातली एक तारीख वाचून अंगावर काटा येतो. त्यांच्या २००२ च्या निष्कर्षानुसार शिपमनने पहिला खून केला तो मार्च १९७५ मध्ये, टॉडमॉर्डनमध्ये. म्हणजे १९७६ साली परिषदेच्या टेबलावर बनावट चिठ्ठ्यांचे प्रकरण आले, तेव्हा तिच्यासमोरचा माणूस आधीच खुनी होता.

हे त्या समितीला ठाऊक असणे शक्य नव्हते. व्यसनाधीन डॉक्टरला सावरण्याची संधी द्यावी, हे धोरणही मुळात चुकीचे नाही. अशा संधीमुळे सावरलेले डॉक्टर असतातच, फक्त त्यांच्यावर आयोग नेमले जात नाहीत. पण या गुन्ह्यात फसवणूक होती, तीही औषधाच्या चिठ्ठीची. डॉक्टरच्या हातातले सर्वांत विश्वासाचे साधन त्याने खोटे केले होते. हा गुन्हा बार्स्कीच्या गुन्ह्यासारखा दवाखान्याबाहेरचा नव्हता. तरी त्याच्यावर खुली सुनावणी झाली नाही, त्याच्या औषधसाठ्यावर नजर ठेवण्याची अट घातली गेली नाही. २००४ मधील आयोगाच्या पाचव्या अहवालात परिषदेच्या एकूण वृत्तीवर कडक ताशेरे आहेत : रुग्णांपेक्षा डॉक्टरांचे हित सांभाळण्याकडे तिचा कल होता, असा त्यांचा रोख.

२२/
आता थोडे घरी येऊ. ब्रिटिशांच्या नोंदवहीचे प्रतिरूप हिंदुस्थानात पहिल्यांदा आले ते मुंबई इलाख्यात, १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने. बंगाल आणि मद्रास त्यानंतर दोन वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा घेतली महाराष्ट्र वैद्यकीय परिषद अधिनियम, १९६५ ने.

त्यातील गैरवर्तनाची व्याख्या मुद्दाम वाचण्याजोगी आहे. तिथे नुसती दोषसिद्धी पुरत नाही. गुन्हा दखलपात्र हवा, आणि त्यात नैतिक अधःपतन हवे. हे ‘नैतिक अधःपतन’ कायद्याच्या भाषेतले जुने, काहीसे धूसर शब्द. त्यांच्या अर्थावर वकिलांनी पाने भरली आहेत. तरीही न्यूयॉर्कच्या कलमात जे विशेषण नव्हते, ते इथे आहे. रीजंट्सच्या पायऱ्यांवर ही कसोटी असती, तर बार्स्कीच्या वकिलाला उभे राहायला जागा मिळाली असती.

२३/
ज्या देशात राजकीय शिक्षा भोगलेली माणसे पुढे मंत्री झाली, तिथे या विशेषणाचे मोल वेगळे सांगायला नको. वैद्यकीबाहेरचे एकच उदाहरण घेतो. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचे नाव काढले. ते परत लिहिले गेले १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

२४/
शेवटचे प्रकरण ताजे आहे, आणि त्यात कुणी खलनायक नाही.

फेब्रुवारी २०११, लेस्टरचे रुग्णालय. सहा वर्षांच्या एका मुलाला रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. तो वेळेत ओळखला गेला नाही आणि मुलगा दगावला. कर्तव्यावर होती प्रशिक्षणार्थी बालरोगतज्ज्ञ हदिझा बावा-गर्बा, बाळंतपणाच्या दीर्घ रजेवरून नुकतीच परतलेली. तिच्याकडे एकापेक्षा अधिक विभागांचा भार होता, संगणकप्रणाली बंद पडल्याने रक्ततपासणीचे निष्कर्ष उशिरा आले, वरिष्ठ डॉक्टर सकाळी रुग्णालयात नव्हते. तिच्या चुका होत्या, आणि त्या गंभीर होत्या. २०१५ मध्ये ज्युरीने तिला घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. शिक्षा दोन वर्षे, स्थगित.

२५/
मग दुसरे दार. २०१७ मध्ये वैद्यकीय न्यायाधिकरणाने रुग्णालयातल्या व्यवस्थेचे दोषही लक्षात घेऊन तिला १२ महिन्यांसाठी निलंबित केले. जनरल मेडिकल कौन्सिलला ते सौम्य वाटले. तिने स्वतःच उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचे नाव खोडण्याचा आदेश मिळवला. शिपमनच्या काळातली ढिलाई आता दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. ब्रिटनभर डॉक्टरांत खळबळ उडाली. तिच्या अपिलासाठी त्यांनी वर्गणी काढली.

१३ ऑगस्ट २०१८ रोजी अपील न्यायालयाने निलंबनाचा निर्णय पुन्हा लागू केला. ज्युरीपुढचा प्रश्न होता, की त्या दिवशी तिचे वर्तन गुन्हा ठरण्याइतके वाईट होते का. न्यायाधिकरणापुढचा प्रश्न होता, की इथून पुढे रुग्णांच्या रक्षणासाठी काय करायला हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना त्या दिवसाची सारी परिस्थिती पाहिली, म्हणून पहिला निकाल नाकारला जात नाही. १८५८ च्या त्या मोकळ्या जागेत नेमके काय लिहायचे, हे १६० वर्षांनी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितले गेले.

एप्रिल २०१९ मध्ये तिला देखरेखीच्या अटींवर कामावर परतण्याची परवानगी मिळाली. मुलाच्या आईवडिलांना या निर्णयांनी समाधान मिळाले नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

२६/
त्याच विभागात त्या दिवशी एक परिचारिकाही होती, एजन्सीमार्फत कामाला आलेली. तीही दोषी ठरली, तीच दोन वर्षांची स्थगित शिक्षा तिलाही झाली. परिचर्या परिषदेने २०१६ मध्येच तिचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. संगणक तिच्यासाठीही बंद होता, माणसे तिच्याही विभागात कमी होती. पण ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयासमोर जो प्रश्न होता, तो डॉक्टरच्या परवान्याचा होता. तिच्या नोंदीचा नव्हता.

(समाप्त)